विकी लॉग: ताऱ्यांनी घातलेला घोळ

मागच्या वेळी लिहिलं होतं की विकीचं काम जवळपास झालंय, आता फक्त रंग ठरवायचेत. हसू नका. तीन आठवडे झाले, रंगांना हातही लागलेला नाही, सगळा वेळ एका अक्षराच्या मागे गेला.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. माझी साइट म्हणजे आकाशदर्शनाच्या नोंदींचा विकी, २१२ पानं, सगळी साध्या मार्कडाउन (थोड्या खुणा घातलेला साधा मजकूर) फाइलींमध्ये. आधी डोकुविकी या तयार विकी सॉफ्टवेअरवर होतो आणि त्याबद्दल तक्रार काही नाही, त्यालाही डेटाबेस लागत नाही, पानं टेक्स्ट फाइलमध्येच राहतात, पण ते ज्या भाषेत चालतं ते पीएचपीसुद्धा मला सर्व्हरवर नको होतं म्हणून पायथनमध्ये दीडशे ओळींची स्क्रिप्ट लिहिली. ती फाइली वाचते, दुहेरी चौकटी कंसात जे नाव असेल त्याची लिंक करते आणि ब्राउझरला समजणारं एचटीएमएल बाहेर काढते. ते उचलायचं आणि होस्टवर (साइट ठेवतो त्या सर्व्हरवर) टाकायचं, झालं.

झालं कसलं! या महिन्यात तुटलेल्या लिंक शोधणारा एक तुकडा लिहिला (पहिल्याच महिन्यात लिहायला हवा होता, मान्य) आणि ४१ लिंक लाल. काही माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या, त्या दहा मिनिटांत मिटल्या. पण 'ताऱ्यांचे रंग' हे पान समोर दिसतंय, फाइल आहे, लिंकमधलं नाव तेच, अक्षर न् अक्षर जुळवून पाहिलं, तरी ४०४, म्हणजे 'पान सापडत नाही'. ब्राउझरचा कॅशे (साठवलेल्या जुन्या प्रती) काढला, काही नाही. शेवटी वैतागून फाइलचं नाव नव्याने टाइप केलं तर ती लिंक चालू झाली आणि आधी नीट चालणाऱ्या दोन बंद पडल्या. तेव्हा मात्र घाम फुटला.

मग दोन्ही पत्ते कॉपी करून एडिटरमध्ये एकाखाली एक ठेवले. पत्त्यात देवनागरी तशीच जात नाही हे तुम्हाला माहीत असेलच, प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचं आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसकट तीन अक्षरांचा, म्हणजे साध्या अनुस्वारालाही नऊ अक्षरं. 'ताऱ्यांचे-रंग' मध्ये बारा चिन्हं आणि एक आडवी रेघ, एकूण १०९ अक्षरं व्हायला हवीत. एक पत्ता बरोबर १०९ चा होता. दुसरा ११८ चा. नऊ अक्षरं जास्त, म्हणजे एक अख्खं चिन्ह जास्त, जे स्क्रीनवर दिसतच नाही! नीट बघितल्यावर सापडलं, देवनागरीच्या त्या माळेत प्रत्येक तुकडा 'ई०' ने सुरू होतो आणि यात मधेच एक 'ई२' बसलेला.

तो होता झीरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडायला वापरतात ते रुंदी नसलेलं चिन्ह. आपला ऱ्य दोन तऱ्हेने टाइप होतो, एक म्हणजे नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य, आणि दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, हा अदृश्य जॉइनर आणि मग य. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कंप्युटरला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं (अक्षरांच्या क्रमांकांचं मानक) नेहमीचं नॉर्मलायझेशनही, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणं, या दोघांना एक करत नाही, मी आशेने करून पाहिलं. माझा लॅपटॉपचा कीबोर्ड पहिला प्रकार टाकतो आणि फोनचा दुसरा, आणि मी निम्म्या नोंदी रात्री अंधारात फोनवर करतो. बरं, विषय कुठला निवडलाय तर तारे! ताऱ्याचा, ताऱ्यांना, ताऱ्यांमधलं अंतर, दर दुसऱ्या पानात ऱ्य असणारच. नाण्यांचा विकी केला असता तर हे कळलंही नसतं.

आता स्क्रिप्ट पानाचं नाव आणि लिंक दोन्ही वाचताना दुसरा प्रकार पहिल्यात बदलते. फक्त तेवढाच क्रम बदलायचा, सगळे जॉइनर सरसकट उडवायचे नाहीत, ते अर्धी अक्षरं मुद्दाम सुटी दाखवायलाही लागतात. मी आधी सरसकटच उडवले होते, मग बॅकअपमधून परत आणले.

पुढचा गोंधळ माझ्याच हाताने. पानांचे पत्ते बदलले, म्हणजे जुन्या पत्त्यांवर वळणाची पाटी लावायला हवी. माझ्या होस्टवर ३०१ (सर्व्हरनेच कायमचं वळवणं) लावायची सोय नाही, म्हणून प्रत्येक जुन्या पत्त्यावर एक छोटं पान ठेवलं जे नव्याकडे ढकलतं. ते ठीक झालं, पण आरएसएस फीडमध्ये (नव्या नोंदींची यादी, जी वाचकांचे फीड रीडर तपासतात) नोंदीची ओळख म्हणून मी पत्ताच वापरत होतो, पत्ता बदलला की फीड रीडरला वाटतं नवीन नोंद आली. एका रात्रीत २३ जुनी पानं सगळ्यांकडे नवीन म्हणून गेली. एकाने मेल केला, 'बराच लिहिता झालास की रे'. आता प्रत्येक पानाला पहिल्या दिवशीच एक ओळख क्रमांक चिकटवतो, पत्ता काहीही होवो, तो बदलत नाही.

विभक्तीचा त्रास मात्र आहे तसाच आहे. वॉर्ड कनिंगहॅमच्या १९९५ च्या पहिल्या विकीत कॅपिटल अक्षराने सुरू होणारे दोन शब्द चिकटवून लिहिले की आपोआप लिंक व्हायची. आपल्याकडे कॅपिटल अक्षरंच नाहीत, आणि पानाचं नाव 'तारा' असलं तरी वाक्यात येतो 'ताऱ्यापासून'. दर वेळी नाव, उभी रेघ आणि वाक्यातलं रूप असं लिहावं लागतं. सामान्यरूपं ओळखणारं काहीतरी लिहायचा मोह झाला होता, दोन संध्याकाळी घालवल्या आणि सोडून दिलं, त्यापेक्षा रेघ बरी. अनुक्रमणिकेत पायथनच्या क्रमाने 'क्षितिज' हे 'क्रांतिवृत्त'च्या खाली, क मध्येच येतं, वर्णमालेत क्ष शेवटी असतो हे त्याला कोण सांगणार. सध्या राहू दे.

वेबरिंगसाठी (एकमेकींना जोडलेल्या साइटींची साखळी) बटणही केलं, तेच जुनं ८८ बाय ३१ पिक्सेलचं. एकतीस पिक्सेलमध्ये वेलांटी, उकार आणि शिरोरेघ, तिन्ही वाचता येतील असं बसवून बघा एकदा! दोन ओळी विसराच. शेवटी नुसतं 'नभ' लिहिलं, त्याला वर-खाली काहीच नाही.

शिल्लक: कुठूनच लिंक नसलेली १९ पानं. त्यातली निम्मी काढून टाकावीत असं वाटतंय, पण 'ढगाळ रात्री' नावाचं एक पान आहे, त्यात नुसत्या तारखाच आहेत, ते ठेवणार.

हा लॉग चढवायच्या आधी स्क्रिप्टमधून काढला तर यातच 'ई२' चार सापडले. सुरुवातीचा भाग फोनवर लिहिला होता.