चाळीस किलोचा रूल

सकाळी सव्वानऊला मॅडमचा फोन आला. "कालपासून पन्नास किलोचा रूल लागतच नाहीये. पंचवीसचाही नाही. सगळी पोती हाताने तपासायच्या रांगेत जातायत."

"काल काय बदललंत?"

"चाळीस किलोच्या पोत्यांसाठी एक नवा रूल टाकला, तेवढंच. जुन्यांना हातही लावलेला नाही."

मॅडम गोदामाच्या कामाचे रूल लिहितात. त्या प्रोग्रामर नाहीत, पण कुठल्या रूलमुळे कुठलं काम अडेल हे त्यांच्याइतकं आमच्यापैकी कुणालाच कळत नाही. ते रूल चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, आमच्या टीमचं. हे रूल अगदी साधे होते: वजन जवळपास ५० किलो असेल तर पोतं न तपासता पुढे सोडा. यातला ‘जवळपास’ हा दोन किमतींची तुलना करणारा ऑपरेटर मात्र इंजिनात मुळात नव्हता. तो बाहेरून जोडलेला होता.

पूर्वी सगळे ऑपरेटर कोडमधल्या एका लांबलचक स्विचमध्ये होते: बरोबर, मोठा, लहान, यादीत आहे, ने सुरू होतो. नवा ऑपरेटर हवा असला की इंजिनाचंच नवं रिलीज काढावं लागे. म्हणून मी एक छोटा इंटरफेस केला. ऑपरेटरचं नाव सांगा, तो कुठल्या प्रकारच्या किमतींवर चालतो ते सांगा, आणि डावी-उजवी किंमत घेऊन हो किंवा नाही म्हणा. जावा भाषेतल्या सर्व्हिसलोडर या सोयीने प्लगइन, म्हणजे बाहेरून जोडलेला असा कोड, आपोआप सापडायचं. गोदामाच्या टीमने दोन दिवसांत ‘जवळपास’ लिहिला, अर्धा किलो इकडेतिकडे चालेल असा. पंचवीस आणि पन्नासचे रूल महिनाभर बिनतक्रार चालले.

टेस्ट स्क्रीनवर मी तोच रूल आणि ५०.२ किलोचं तेच पोतं घेतलं. रूल लागला. प्रत्यक्ष चालू इंजिनात लागेना. अगदी ५०.० भरलेलं पोतंही अडकत होतं, आणि ते पाहून मी खरा हादरलो. अखेर मॅडमना म्हटलं, चाळीसचा रूल पाच मिनिटं बंद करून बघा. त्यांनी बंद केला आणि पन्नासचा रूल चालू झाला.

चाळीसच्या रूलचा पन्नासच्या पोत्याशी काय संबंध? ऑपरेटरच्या आत लॉगची एक ओळ घातली आणि चाचणीच्या सर्व्हरवर तिन्ही रूल एकत्र चालवले. लॉगमध्ये काहीच आलं नाही. ऑपरेटरने चुकीचं उत्तर दिलं नव्हतं; त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मग डोक्यात प्रकाश पडला. आमचं इंजिन रीटी पद्धतीचं आहे. चार्ल्स फोर्गी यांनी १९७९ च्या प्रबंधात मांडलेली आणि १९८२ च्या निबंधामुळे सर्वांपर्यंत पोचलेली ही कल्पना: शेकडो रूल एकेक करून तपासायचे नाहीत, त्यांच्या अटींचं एक जाळं विणायचं आणि सामाईक अट एकदाच तपासायची. त्यावर इंजिनं आणखी एक सोय करतात. एकाच फील्डवर ‘बरोबर’च्या पुरेशा अटी जमल्या की त्या ओळीने तपासण्याऐवजी हॅश टेबल, म्हणजे तंतोतंत किमतीवरून थेट नोंद सापडणारा तक्ता, बांधतात आणि आलेली किंमत थेट त्यात शोधतात. आमच्याकडे हा उंबरठा ३ अटींचा होता. ड्रूल्स या रूल इंजिनातही मुळातला आकडा ३ च आहे. पंचवीस, पन्नास, आणि सोमवारी चाळीस. तिसरी अट आली आणि टेबल बांधलं गेलं. टेस्ट स्क्रीनवर रूल एकटाच चालतो, म्हणून तिथे हे कधी दिसलंच नसतं.

पण ‘जवळपास’ला इंजिनाने ‘बरोबर’ का समजावं? कारण प्लगइन ‘बरोबर’च्याच बेस क्लासवरून, म्हणजे मूळ साच्यावरून, बेतलं होतं. तिथे उलटा ऑपरेटर आणि किमतींचं रूपांतर आयतं मिळत होतं. यात त्या टीमची चूक नाही. इंटरफेसने त्यांना विचारायला हवं होतं ते विचारलंच नव्हतं.

आणि ५०.० चं काय? काट्याकडून येत होतं ५०.०, रूलच्या फॉर्ममध्ये साठवलेलं होतं ५०.००. जावातल्या बिगडेसिमल या दशांश संख्यांच्या प्रकाराला कम्पेअरटू या तुलनेने विचारलं तर दोन्ही सारखे. इक्वल्स या दुसऱ्या तुलनेने विचारलं तर वेगळे, आणि टेबलातली जागा ठरवणारे हॅशकोडही वेगळे. आमचा स्वतःचा ‘बरोबर’ कम्पेअरटू वापरत होता, टेबल मात्र इक्वल्सवर चालत होतं. म्हणजे हा दोष प्लगइनच्या आधीपासून घरातच होता. आजवर टेबलं फक्त अक्षरी कोडांवर बांधली गेली, म्हणून तो झाकलेला राहिला.

दुपारी एका सहकाऱ्याने सुचवलं, वजन गोल करून कप्पे पाडू आणि कप्प्याने शोधू. ऐकायला छान. मी फळ्यावर तीन आकडे लिहिले: ४९.८, ५०.२, ५०.६. पहिला दुसऱ्याच्या जवळपास, दुसरा तिसऱ्याच्या जवळपास, पण पहिल्या-तिसऱ्यात ०.८ चं अंतर. कप्प्याची रेघ कुठेही मारा, तिच्या दोन बाजूंना दोन शेजारी सुटे पडणारच. आता ऑपरेटरच इंजिनाला सांगतो की मला कसं शोधायचं: नेमक्या किल्लीने, पट्ट्याने, की शोधूच नका, प्रत्येक वेळी मलाच विचारा. ‘जवळपास’ म्हणतो पट्टा, ४९.५ ते ५०.५. ‘बरोबर’ किल्ली देतो, शेवटची शून्यं काढून.

संध्याकाळी हे मॅडमना समजावून सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "वजनच नोंदवलेलं नसेल तर ‘जवळपास नाही’ हे खरं धरता की खोटं?"

मी कोड उघडला. रिकाम्या किमतीला ‘जवळपास’ खोटं म्हणत होता, आणि ‘जवळपास नाही’ म्हणजे तेच उत्तर उलटं. म्हणजे खरं.

"मग बरोबर," त्या म्हणाल्या. "वजन जुळत नाही असा शेरा असलेली पोती येतात, आणि बघायला जावं तर ती काट्यावर चढलेलीच नसतात. आमची माणसं महिनाभर विचारतायत."

त्या दिवसातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच होता. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत रिकाम्या किमतीची तुलना ना खरी ना खोटी, तिसरंच उत्तर देते, आणि उलटी केली तरी तिसरंच राहते. आम्हीही आता ऑपरेटरला तीन उत्तरं दिली आहेत: हो, नाही, सांगता येत नाही. काट्यावर न चढलेल्या पोत्यांसाठी मॅडमनी त्याच संध्याकाळी ‘वजन नोंदलेलं नाही’ असा वेगळा रूल लिहिला.

नवा इंटरफेस आता प्लगइन लिहिणाऱ्याला चार गोष्टी विचारतो: शोधायचं कसं, रिकाम्या किमतीला काय म्हणायचं, दोन बाजू अदलाबदल केल्या तर चालतं का, आणि काठावरची किंमत आत की बाहेर. पहिल्या तिन्हींची उत्तरं गोदामाच्या टीमकडून तासाभरात आली. चौथ्याला दोन दिवस लागले, कारण ते विचारायला थेट काट्यापाशी गेले. काटा २०० ग्रॅमच्या पायरीने चढतो. त्यावर ४९.४ दिसतं, मग ४९.६. ४९.५ तिथे उमटतच नाही.