वामनदादा, ब्लूज आणि झीलकरी : कामाची नोंद

मंडळी, आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी वेगवेगळ्या परदेशी बाजात बसवायचा उद्योग नाशिकरोडच्या आमच्या खोलीत चालूच आहे. ब्लूज मार्गी लागलाय, रॅप जवळजवळ झालंय, रेगे उभा राहिलाय. मेटलचा नाद सोडला.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: दादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२चा, आपल्याच जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत. गेले १५ मे २००४ला. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, अक्षरओळख झाली ती मुंबईत, वयात आल्यावर. आणि १९४३ साली लिहायला लागले ते एका हिंदी गाण्याच्या विडंबनाने. म्हणजे दुसऱ्याची चाल उचलायची आणि आपलं म्हणणं तिच्यात ठासून भरायचं, ही मुळात त्यांचीच रीत. ‘दादांच्या गाण्याला गिटार कशाला?’ असं विचारणाऱ्यांना मी एवढंच ऐकवतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो ‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’ने. हे आनंदकंद वृत्त. गागालगा लगागा, असं दोनदा; ‘गा’च्या मात्रा दोन, ‘ल’ची एक. अर्ध्या ओळीच्या मात्रा बारा. बारा ऐकल्याबरोबर आमच्या गिटारवाल्याचे डोळे चमकले: १२/८चा, म्हणजे तीन-तीन मात्रांच्या चार ठोक्यांचा, संथ ब्लूज! कागदावर बसतोही. पण जरा बोटांवर मोजून बघा. वृत्ताचा ठोका चार-चार मात्रांवर पडतो: ‘भीमा’, ‘तुझ्या म’, ‘ताचे’. ब्लूजचा पडतो तीन-तीनवर. या अर्ध्या ओळीत पहिला ‘भी’ सोडला तर एकही अक्षर ब्लूजच्या ठोक्यावर सुरू होत नाही. ऐकायला मजा येते, गिटारवाला तर खूश होता, पण चार माणसांना सोबत म्हणायला सांगितलं की सगळे घसरतात.

तोड ढोलकीवाल्याकडे होती. तो सिन्नरचा, वृत्तबित्त त्याच्या गावी नाही. त्याने सरळ केरवा, म्हणजे आठ मात्रांचा ताल, धरला, चाराचे तीन गट वाजवले आणि चौथा मोकळा सोडला. बारा आणि चार सोळा, केरव्याची दोन आवर्तनं चोख. त्या मोकळ्या चार मात्रांत ढोलकी उठते नाहीतर झीलकरी, म्हणजे मागून साथीला गाणारे, ओळीची शेपूट उचलतात. आणि ब्लूजमध्ये तरी दुसरं काय असतं? गाणाऱ्याने ओळ टाकायची, वाद्याने उत्तर द्यायचं. मग आम्ही १२/८ सोडून दिला, सांगाडा केरव्याचा ठेवला, त्याला थोडा झोल (स्विंग) दिला आणि उत्तराचं काम बँजोकडे सोपवलं. बँजो म्हणजे आपल्या वरातीतला, बटणांचा बुलबुलतरंग. त्याची एक गंमत सापडली. बटण नेहमीपेक्षा जोरात दाबलं की तार ताणली जाते आणि सूर किंचित वर सरकतो. कोमल गंधार असा दाबला की तो शुद्ध गंधाराकडे निघतो, पण पोचत नाही. ब्लूजला नेमका तोच अधांतरी गंधार लागतो! गिटारवर बोटाने तार ओढूनही तो मिळतो, पण बँजोच्या खणखणीत आवाजात तो जो टोचतो त्याला तोड नाही.

रॅपसाठी ‘सांगा आम्हाला बिर्ला, बाटा, टाटा कुठाय हो’ घेतलं. खरं तर ते आधीच रॅप आहे. बाटा, टाटा, साठा, वाटा असे ‘टा’ आणि ‘ठा’ ओळीत खिळ्यासारखे ठोकलेत. बीट मिनिटाला ९०च्या आसपास, आणि जमेल तिथे ‘टा’ स्नेअर ड्रमवर. म्हणणारा पोरगा कॉलेजातला आहे. त्याला जुनी नावं काढून आजच्या श्रीमंतांची घालायची होती. मी नाही म्हटलं. चाल, ताल, वाद्यं हवी तशी फिरवा, शब्दांना हात लावायचा नाही. त्याला ते अजून पटलेलं नाही, चालू आहे आमचं. ‘कुठाय हो’ला मात्र सगळं वाजणं बंद करायचं, यावर दोघांचंही एकमत. तो प्रश्न समोरच्या गर्दीनेच विचारायचा.

‘उद्धरली कोटी कुळे’ रेग्यात पटकन बसलं. पेटीने उलट्या ठोक्यावर सूर तोडायचे, बास सावकाश. फार काही करावं लागलं नाही, म्हणूनच मला त्याचा थोडा संशय येतो.

आता मेटल. डबल बास ड्रम, वर नाशिक ढोल, दोन गिटारी. आवाज जबरदस्त झाला, पोरं उड्या मारत होती. आमच्या झीलकरी मावशी कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “बाळा, समदं तुमीच वाजवलं. आमी कवा म्हनायचं?” ते ऐकलं आणि विषय संपला. भीमगीतात, म्हणजे बाबासाहेबांवरच्या गाण्यात, मोकळी जागा ठेवलेली असते ती दुसऱ्याच्या तोंडासाठी. ती बुजवणारा बाज कितीही दणदणीत असो, माझ्या लेखी बाद. १४ एप्रिलच्या रात्री ही गाणी गर्दीत उभं राहून म्हटलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

ध्वनिमुद्रण कुठे टाकलंय, असं बऱ्याच जणांनी विचारलं. कुठेच नाही. आपल्याकडे लेखकाच्या पश्चात साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे दादांच्या शब्दांवरचे २०६४ अखेरपर्यंत. रीतसर परवानगी मिळेपर्यंत जे काही आहे ते बैठकीत येऊन ऐका.

एक मदत हवी आहे. जोरात दाबून दाबून बँजोची पहिली तार सारखी तुटते. गिटारची बारीक तार लावून बघावी म्हणतो, पण ती लावली की सूर खाली उतरतो का, खुंटी धरते का? कुणी लावली असेल तर जाडी कळवा.