टी-५५ च्या प्रतिकृतीसाठी पट्टे निवडताना

आमच्या जळगावात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणूनच रणगाड्याच्या १/३५ प्रमाणाच्या प्रतिकृतीसोबत खोक्यात येणाऱ्या मऊ व्हिनाइल पट्ट्यांवर (रणगाड्याच्या चाकांभोवती फिरणाऱ्या साखळ्यांवर) माझा भरवसा नाही; त्यांना मऊपणा देणारे रसायन पॉलिस्टायरीनच्या चाकांत उतरून ती विरघळवू शकते, आणि उष्णतेने ही क्रिया अधिक वेगाने होते.

टी-५५ या सोव्हिएत रणगाड्याला पट्ट्याचा वरचा भाग उचलून धरणारी आधारचाके नसल्यामुळे पट्टा थेट मोठ्या चाकांवर टेकतो आणि त्याला झोल पडतो. हा झोल पांढऱ्या धातूच्या (मऊ मिश्रधातूच्या) कड्या तारेने जोडायच्या संचात, उदाहरणार्थ हंगेरीच्या फ्रिउलमॉडेलच्या, स्वतःच्या वजनानेच येतो आणि तो पाहताना खरोखर समाधान वाटते. प्लास्टिकच्या सुट्या कड्या स्वस्त पडतात, मात्र त्यांना झोल हाताने द्यावा लागतो.

किमतीआधी पाहावा तो कडीचा प्रकार. या रणगाड्यावर जुना ओएमएसएच आणि नंतरचा, सांध्यात रबरी बुश (अस्तर) असलेला आरएमएसएच असे दोन पट्टे आढळतात व त्यांची पट्टा ओढणारी दातेरी चाकेही वेगळी असतात, म्हणून ज्या काळातला रणगाडा करायचा त्या काळातली छायाचित्रे आधी नीट पाहावीत. १९७१ च्या भारतीय टी-५५ साठी मी जुनाच पट्टा निवडतो. धातूचा पट्टा जड असल्याने मागचे दातेरी चाक आणि पुढचे ताणचाक यांचे आस पक्के चिकटवून, ते पूर्ण वाळल्यावरच तो चढवावा.