रिक्षातलं गाणं आणि सात घोडे

आज ऑफिसातून परतताना रिक्षात ‘भीगी भीगी’ लागलं. मी आपली जोरात गुणगुणतेय, तर शेजारी बसलेली बंगाली मैत्रीण म्हणाली, “हे आमचं आहे गं.” मी म्हटलं, झालं सुरू यांचं! (रसगुल्ल्यावरून आमचं आधीच वाजलंय.)

पण तिने मोबाईल काढला, एक इअरफोन माझ्या कानात कोंबला. तीच चाल, पण बंगाली शब्द. बँडचं नाव मोहीनेर घोडागुली, म्हणजे मोहीनचे घोडे. बंगाली कवी जीवनानंद दासांच्या कवितेतून उचललेलं.

सत्तरच्या दशकातलं कोलकाता. गौतम चट्टोपाध्याय हा म्होरक्या, नक्षल चळवळीत जेल बघून आलेला. सोबत भाऊ बिशू आणि बुला, शिवाय रंजन घोषाल, तापस दास, तपेश बंद्योपाध्याय आणि व्हायोलिन-पियानोवाला अब्राहम मजुमदार. एकूण सात. बाऊल (बंगालचं लोकसंगीत) आणि रॉक एकत्र घोटलेलं. १९७७ मध्ये पहिली रेकॉर्ड आली, आणि लोकांनी चक्क दुर्लक्ष केलं! १९८१ पर्यंत बँड मोडला, जो तो आपापल्या पोटापाण्याला लागला.

मग १९९५ मध्ये गौतमदांनी नव्या पोरांना घेऊन कॅसेट काढली आणि कॉलेजची पोरं वेडी झाली. १९९९ मध्ये ते गेले. ही चाल ‘गँगस्टर’ या हिंदी सिनेमातल्या ‘भीगी भीगी’मुळे देशभर पोचली ती २००६ मध्ये.

घर मागे पडलं तरी रिक्षा थांबवायचं भान नव्हतं. वीस रुपये जास्त गेले.