आधी पाणी, मग जाळ: दर्यापूर ते चिखलदरा, ट्रेलरमधल्या गिझरसह

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघे एका स्नेह्यांनी वापरायला दिलेला प्रवासी ट्रेलर, म्हणजे राहण्याची सोय असलेले चाकांवरचे छोटे घर, गाडीमागे जोडून नागपूरहून निघालो आणि अमरावती, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, परतवाडा या वाटेने चिखलदऱ्याला गेलो. रस्त्याची, मुक्कामाची आणि हुरड्याची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. ट्रेलरमधला गॅसवर चालणारा गिझर पहिल्यांदा सुरू करताना आमची जी फजिती होता होता राहिली, तिच्याबद्दल मात्र कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते, म्हणून हा वृत्तांत मुख्यतः त्याविषयीच आहे.

हा गिझर घरच्या न्हाणीघरातल्या गॅस गिझरसारखा वाहते पाणी तापवत नाही. त्याला सहा गॅलनची, म्हणजे साधारण २३ लिटरची टाकी असते आणि तिच्या पोटातून जाणाऱ्या नळीत बर्नरची ज्योत जळते. थोडक्यात तो आपल्या जुन्या तांब्याच्या बंबाचाच भाऊबंद आहे, आणि बंबात पाणी नसताना जाळ घातला तर झाळलेला सांधा उखडतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या यंत्राचा अर्धा धडा आधीच पाठ आहे.

पहिला मुक्काम दर्यापूरजवळ एका नातलगांच्या शेतात होता. ट्रेलरच्या साठवण टाकीत पाणी भरले, पंप चालू केला, गरम पाण्याचा नळ उघडला, तर लगेच स्वच्छ धार लागली. गिझर भरला असे समजून मी स्विचकडे हात नेला, तेवढ्यात शेजारी उभे असलेले काकाजी म्हणाले, "आमचा पंधरा लिटरचा फवारणीचा पंप भराले टाइम लागते, अन् तुमची टाकी एका मिनटात कशी भरली भाऊ?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून मी खाली बसून गिझरच्या मागची फळी काढली.

तिथे तीन व्हॉल्व्ह होते. ट्रेलर बराच काळ उभा ठेवायचा असेल तेव्हा टाकी रिकामी करतात आणि थंड पाणी टाकीत न जाता परस्पर गरम पाण्याच्या नळीत वळेल अशा रीतीने हे व्हॉल्व्ह फिरवून ठेवतात, त्यालाच बायपास म्हणतात. म्हणजे नळाला पाणी येत होते आणि टाकी मात्र कोरडी होती. आत येणारा आणि बाहेर जाणारा व्हॉल्व्ह उघडून मधला बंद केल्यावर नळाची धार थांबली, मग बराच वेळ नुसती हवा फुसफुसत राहिली, नंतर पाणी अडखळत आले आणि शेवटी सलग वाहू लागले. नवख्याने लक्षात ठेवायची खूण हीच आहे: गरम नळाला पाणी ताबडतोब आले तर संशय घ्यावा, उशिराने आणि हवा ओकून आले तर टाकी भरली असे समजावे. विजेची कॉइल असलेल्या गिझरमध्ये ही चूक अधिक महागात पडते, कारण कोरड्या टाकीत कॉइल बघता बघता जळून जाते. शिवाय बाहेरून आणवलेली कॉइल अनेकदा १२० व्होल्टची असते, ती आपल्या २३० व्होल्टवर चालत नाही. शेतातल्या जोडणीला अर्थिंग आहे याची खात्री नसेल तर विजेचा नाद सोडून गॅसच वापरावा.

पेटवण्याआधी बाहेरची जाळी उघडून बर्नरची नळी पाहावी. आमच्या नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचे घर केले होते. ते तसेच राहिले असते तर हवा अडून ज्योत पिवळी आणि काजळीची झाली असती. मऊ ब्रशने ते काढले. सिलिंडर उभाच ठेवला, रेग्युलेटरच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येत नाहीत हे पाहिले, आणि नळीतली हवा निघून जावी म्हणून आधी आतली शेगडी पेटवून ती स्थिर जळेपर्यंत थांबलो. मग गिझरचा स्विच दाबला. टिकटिक झाली, पण पहिल्या खेपेस ज्योत धरली नाही आणि यंत्राने स्वतःच गॅस बंद करून लाल दिवा लावला. अशा वेळी स्विच पुन्हा पुन्हा दाबत बसू नये. पाच मिनिटे थांबून, साठलेला गॅस निघून जाऊ देऊनच दुसरा प्रयत्न करावा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने वास जमिनीलगत घ्यावा. वास आलाच तर सिलिंडर बंद करून, विजेच्या कोणत्याही बटणाला हात न लावता सगळ्यांनी बाहेर पडावे आणि दूर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर कळवावे. दुसऱ्या खेपेस निळी ज्योत लागली आणि अर्ध्या तासाच्या आत आंघोळीजोगे पाणी तापले. हे पाणी ५५ ते ६० अंशांपर्यंत तापते, तेव्हा मुलांना नळाखाली थेट हात धरू देऊ नये.

पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब गळू लागले, तेव्हा आमच्या मंडळींचा जीव वरखाली झाला. तापलेले पाणी फुगते आणि टाकीच्या माथ्यावर त्याला सामावून घेणारी हवा उरली नसेल तर थोडे गळते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. ते तोंड मात्र खिळी ठोकून कधीही बंद करू नये, आणि वाफ किंवा जोराची धार आली तर गिझर तत्काळ बंद करावा.

दर्यापूरचा हा भाग पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथले भूजल खारे असल्याने ते टाकीत ठेवून पुढे जाणे मला बरे वाटले नाही. सकाळी गिझर पूर्ण थंड झाल्यावर, पंप बंद करून आणि गरम नळ उघडून दाब सोडला, मग खालचे बूच काढून टाकी रिकामी केली. गरम टाकीचे बूच काढणे म्हणजे उकळते पाणी अंगावर घेणे. नव्याने पाणी परतवाड्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी भरले. घाट चढण्यापूर्वी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला, कारण चालत्या गाडीत गॅस चालू ठेवण्याचे काहीच कारण नाही.

चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि पहाटेची थंडी चांगलीच बोचरी होती. कोणीतरी सुचवले की गिझरच्या बाहेरच्या जाळीवर गोणपाट टाकावे म्हणजे ऊब राहील. ते मी ठामपणे नाकारले, कारण जळलेला विषारी वायू त्याच जाळीतून बाहेर पडतो. त्याच कारणाने ट्रेलर भिंतीला चिकटवून उभा करू नये आणि जाळीच्या वरची खिडकी उघडी ठेवू नये. रात्री झोपताना आम्ही गिझर बंदच करत असू.

परतल्यावर टाकी रिकामी केली, बायपास पुन्हा लावला आणि स्विचच्या वर जाड अक्षरांत चिठ्ठी चिकटवली: "टाकी कोरडी आहे, मागचे तीन व्हॉल्व्ह पाहिल्याशिवाय हात लावू नये."