तिथीची वही

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या ऑफिसात ट्रस्टच्या ऑडिटची घाई. कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेतल्या छोट्या विठ्ठल मंदिराचं काम यंदा पहिल्यांदाच माझ्याकडे आलं, म्हणून दहा वर्षांचे ताळेबंद शेजारी शेजारी मांडले. दरवर्षी शिल्लक. २०२० मध्ये मार्चपासून १६ नोव्हेंबरपर्यंत मंदिरं बंद होती, दानपेटीत काही नाही, तरी शिल्लकच. तिथं मी अडखळले.

"आण्णा, अजून एखादी वही आहे का?"

खजिनदार आण्णांनी पिशवीतून लाल कापडी बांधणीची वही काढली. २०१९ च्या पुरात भिजून फुगलेली, पानं एकमेकांना चिकटलेली. कायम तिथींची वही. आईवडिलांच्या तिथीला दरवर्षी नैवेद्य-प्रसाद व्हावा म्हणून लोकांनी दिलेले पैसे: ५,००१, ३,००१, कुठे १,००१. मुद्दल ठेवीत, व्याजातून तिथी. हे पैसे कायम निधीत जायला हवेत. इतकी वर्षं ते देणगी म्हणून उत्पन्नात धरले जात होते. बाजूला काढल्यावर आठ वर्षं सलग तूट निघाली.

१९९६ च्या सुमारास ५,००१ रुपयांवर बारा टक्क्यांनी वर्षाला सहाशे मिळत. पंगतीला तीसेक पानं उठत. २०२० मध्ये व्याज साडेपाच टक्क्यांच्या आत, म्हणजे पावणेतीनशेसुद्धा नाहीत. त्यात गॅसचं निम्मं सिलिंडरही येत नव्हतं. तिथी मात्र एकही चुकली नाही, कारण नव्या तिथीच्या मुद्दलातून जुनी भागत होती. जितक्या तिथी वाढल्या तितका खड्डा खोल. हे मला फार लागलं; लोकांनी किती विश्वासानं पैसे दिले होते!

"महिन्याच्या तिथी एकत्र करूया. एकच प्रसाद, फळ्यावर सगळ्यांची नावं. घरच्यांना रक्कम वाढवायला सांगूया."

"मॅडम, पैसे दिलेला माणूस गेला. त्याच्या आईची तिथी मी कशी हलवू, सांगा की."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुद्दलाला यापुढे हात लावायचा नाही, एवढंच मी ठामपणे सांगितलं. बाकीचं विश्वस्तांच्या बैठकीत ठरवायचं होतं.

आण्णा बराच वेळ वहीवर हात ठेवून बसले. मग म्हणाले, "तूट लिवा. मागच्या सालांचीबी दाखवा. तिथीवाल्यांना पत्रं मी घालतो."

निघताना सहज बोलून गेले, परवाच्या द्वादशीचा शिधा भरून झालाय. कुठल्या पैशातून, विचारलं तर गप्प. गेली तीन-चार वर्षं कमी पडेल ते स्वतःच्या पेन्शनीतून घालत होते, कुठे नोंद नाही.

मी त्यांना परत खुर्चीत बसवलं आणि त्यांच्याच पावतीपुस्तकातली पावती त्यांच्या नावानं फाडायला लावली.