बारा ते चारचा वॉच

नौदलातून निवृत्त होऊन परभणी जिल्ह्यातल्या मानवतजवळच्या गावी राहायला आल्यापासून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो म्हणजे लाट किती उंच असते. प्रश्न रास्त आहे. जिथून समुद्र जवळपास चारशे किलोमीटर दूर आहे आणि गोदावरीचा पूर हेच पाण्याचे सर्वांत मोठे रूप ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी दुसरे काय विचारावे? मीही पाच-सहा मीटर असे सांगून टाकतो, विचारणारा समोरच्या माडीकडे पाहून मनाशी अंदाज बांधतो आणि विषय तिथेच संपतो. पण दक्षिणेकडच्या लांबच्या सफरीवर, दिवसेंदिवस खवळलेल्या पाण्यात, जहाजावरच्या माणसांच्या बोलण्यात लाटेची उंची फारशी येत नाही. तिथे चौकशी चालते ती आज बारा ते चार कोणाचा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, आहे याची.

जहाजावर दिवस चार-चार तासांत वाटलेला असतो. रात्री आठ ते बारा, बारा ते चार, चार ते आठ, आणि पुन्हा तसेच. चोवीस तासांचे असे सहा वाटे होतात, आणि माणसांच्या दोन किंवा तीन तुकड्या केल्या तर सहाला दोघांनीही नेमका भाग जात असल्यामुळे ज्याच्या नशिबी मध्यरात्र आली त्याच्या नशिबी ती कायमचीच राहील. हा अन्याय टाळण्यासाठी जुन्या खलाशांनी एक साधी युक्ती केली. संध्याकाळच्या चार ते आठचे दोन तुकडे पाडले, चार ते सहा आणि सहा ते आठ. त्यांना डॉग वॉच म्हणतात. त्यामुळे दिवसाचे वाटे सात झाले, सातला दोनाने भाग जात नाही आणि तिनानेही नाही, म्हणून प्रत्येकाची पाळी रोज आपोआप पुढे सरकते. इतक्या कमी गणितात इतका न्याय मी अन्यत्र क्वचितच पाहिला आहे.

हे सारे एकदा पारावर समजावून सांगत असताना आमचे आबा मध्येच म्हणाले, “म्हंजे आमच्या लाइटीवानीच की रे.” मला त्यावर काही बोलता आले नाही, कारण ते अगदी खरे होते. आमच्याकडे शेतीपंपाची थ्री-फेज लाइट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी आळीपाळीने येते, आणि रात्रीची पाळी असली की कडाक्याच्या थंडीत, कानाला मफलर बांधून, हातात बॅटरी घेऊन, साप-विंचवाला भीत भीत गव्हाला पाणी द्यायला जावे लागते. मध्यरात्री दोन वाजता जागे राहून काम करायचे म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नौदलाने शिकवण्याची गरज नाही. फरक एवढाच की शेतात आबांना सोडवायला चार वाजता दुसरा कोणी येत नसे. जहाजावर येतो, आणि त्या येण्यावरच सगळा कारभार चालतो.

आमच्या ज्या सफरींना मी दक्षिणेच्या सफरी म्हणतो, त्या मुंबईहून आफ्रिकेच्या टोकाकडे जाणाऱ्या असत. केप टाउनपर्यंत साडेचार हजार सागरी मैलांहून अधिक अंतर आहे, म्हणजे नेहमीच्या वेगाने दोन आठवड्यांचे काम. जून-जुलैत निघाले तर गावाकडे पेरण्या चाललेल्या असतात आणि तिकडे ऐन हिवाळा असतो. ३५ अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली पश्चिमेचे वारे वाहतात. त्यांना अडवायला जमीनच जवळजवळ नसल्यामुळे ते पृथ्वीला वळसा घालत धावतात, आणि चाळीस अंशांच्या पट्ट्याला खलाशांनी ‘गर्जणारे चाळीस’ असे नाव देऊन ठेवले आहे. तिथली कमी दाबाची केंद्रे हिवाळ्यात आफ्रिकेच्या टोकाला घासून पूर्वेकडे सरकतात. त्यात अगुल्हास नावाचा उबदार प्रवाह किनाऱ्याने नैर्ऋत्येकडे वेगाने वाहत असतो आणि नैर्ऋत्येकडूनच आलेली लाट त्याला समोरून भिडते. वाहत्या पाण्यावर समोरून आलेली लाट आखडते, उभी होते, आणि दोन लाटांमधले अंतर इतके कमी होते की जहाजाचे नाक एका लाटेतून वर येते न येते तोच दुसरीत शिरते. पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेउ दियाश १४८८ मध्ये येथून गेला तेव्हा त्याने या टोकाला वादळांचे भूशिर म्हटले होते, आणि ‘केप ऑफ गुड होप’ हे नाव नंतर त्याच्या राजाने दिले, असे सांगतात. राजा स्वतः त्या जहाजावर नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे.

तर अशा पाण्यात रात्री पावणेबाराला कोणीतरी येऊन तुम्हांला उठवतो. माझ्या मते जहाजावरचे सर्वांत नाजूक काम हेच. मेस डेकमध्ये, म्हणजे खलाशांच्या राहण्याच्या दालनात, झोपायचे बंक एकावर एक असतात, अंधार असतो, आणि झोपलेल्या वीस जणांतून नेमका एकच उठवायचा असतो. उठवणारा लाल काच लावलेली बॅटरी खाली धरून येतो, कारण पांढऱ्या उजेडाने डोळे दिपले की अंधाराला सरावायला वेळ लागतो. एका हाताने तो बंकची साखळी धरून असतो, नाही तर जहाज कलले की तोच झोपलेल्याच्या अंगावर पडेल. नाव हळू घेतो, खांद्याला दोन बोटे लावतो, आणि उत्तर आल्याशिवाय हलत नाही, कारण नुसते हुंकार देऊन पुन्हा झोपणारे बहाद्दर प्रत्येक जहाजावर असतात. झोपलेला म्हणजे तरी काय, कुशीला जीवरक्षक जाकीट खुपसून भिंतीशी पाचर मारल्यासारखा अडकलेला असतो, म्हणून जागा झाला तरी बाहेर निघायला त्याला वेळ लागतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “बाहेर कसंय?” आणि उत्तरही ठरलेले असते. वादळ भयंकर आहे असे कोणी सांगत नाही. “रेनकोट घाल, बूट घाल” एवढेच सांगतात. त्यावरून समजायचे ते समजते.

जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजवर चढताना जिन्याच्या पायऱ्या कधी पायाला शोधून सापडत नाहीत तर कधी आपणहून गुडघ्यावर आदळतात. वर आल्यावर लगेच ताबा घ्यायचा नसतो. आधी काही मिनिटे कोपऱ्यात उभे राहून डोळे अंधाराला सरावू द्यायचे, मग मागच्या माणसाकडून जहाजाची दिशा, वेग, आसपासची जहाजे, रडारवर काय दिसते, वारा कुठून आहे, हे सारे ऐकून घ्यायचे आणि त्यानंतरच तो मोकळा होतो. बाहेरच्या डेकवर जायला बंदी असते, टेहळणीचा माणूसही काचेच्या आत घेतलेला असतो. समोरच्या भिंतीवर कलमापकाचा काटा हलत असतो, डावीकडे वीस अंश, उजवीकडे पंचवीस, मध्येच तिसाला शिवून येतो. नवखा त्याच्याकडे पाहत राहतो. जुना पाहत नाही, पण काटा तिसाच्या पुढे गेला की त्याचा हात नकळत कठड्याकडे जातो. जहाजाचे शेपूट पाण्याबाहेर उचलले गेले की जहाजाला ढकलणारा पंखा हवेत मोकळा फिरतो आणि सगळ्या जहाजाला एक थरकाप सुटतो. तो पायांतून थेट दातांपर्यंत पोहोचतो.

या सगळ्या गदारोळात तासाला एकदा लॉग, म्हणजे जहाजाची नोंदवही, लिहायचा असतो, आणि त्या लॉगचा मला अजूनही मोह आहे. पेन्सिल दोरीने बांधलेली असते. वाऱ्याची दिशा, बोफोर्ट मापनातला त्याचा जोर, समुद्राची स्थिती, वायुभारमापकाचा आकडा, असे रकाने असतात. वारा ९ म्हणजे ४१ ते ४७ नॉट्स (तासाला तितके सागरी मैल), समुद्र ६ म्हणजे चार ते सहा मीटरच्या लाटा. विशेषणाला तिथे जागाच नाही. ज्याला वृत्तपत्रे ‘रौद्र तांडव’ म्हणतील, ते तिथे नऊ आणि सहा अशा दोन आकड्यांत मावते. पण ओळीखाली ओळ वाचत गेले तर वादळ त्यात स्पष्ट दिसते. एक वाजता वायव्येचा वारा आणि दाब उतरलेला, दोन वाजता तोच वारा आणि दाब आणखी उतरलेला, आणि तीन वाजता वारा एकाएकी नैर्ऋत्येचा आणि दाब चढू लागलेला. म्हणजे वाताघाडी, गार आणि उबदार हवेची सीमा, डोक्यावरून निघून गेली. उत्तर गोलार्धात वाढलेल्या माणसाला तिथे आपली सवयही उलटी करावी लागते. वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले तर आपल्याकडे कमी दाबाचे केंद्र उजव्या हाताला असते, तिकडे ते डाव्या हाताला. ढग फाटले तर त्रिशंकू दिसतो. आपल्याकडे वैशाखात दक्षिण क्षितिजावर कसाबसा टेकलेला असतो, तिथे तो चांगला वर चढलेला असतो.

खाण्यापिण्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. गॅलीत मोठी भांडी अर्धीच भरतात, टेबलावरचे कापड ओले करतात म्हणजे ताटल्या घसरत नाहीत, आणि खिचडीला पर्याय नसतो. बारा ते चारच्या माणसाला एक मग चहा मिळतो, आणि तो अर्धा पिऊन झाल्याशिवाय खाली ठेवायचा नाही हे पहिल्याच रात्री कळते.

चाळीस अंशांच्या खाली शिडाच्या होड्यांतून जाणाऱ्यांचे मला म्हणूनच फार अप्रूप वाटते. लेफ्टनंट कमांडर दिलना आणि लेफ्टनंट कमांडर रूपा या आपल्या नौदलातल्या दोन अधिकारी ‘तारिणी’ या छपन्न फुटी होडीतून २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या, दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून २९ मे २०२५ रोजी परतल्या. दोघींतच दिवसरात्र वाटून घ्यायची, म्हणजे एक तरी उठवणारी होती. त्याआधी २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी ‘म्हादेई’वरून एकटे आणि वाटेत कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. लोकांना त्यांच्या लाटांचे आश्चर्य वाटते. मला वाटते ते इतके दिवस पावणेबाराला खांद्याला कोणी बोट लावणारा नसल्याचे.

पश्चिमेकडे जाताना घड्याळे मागे घ्यावी लागतात. भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्या वेळेत साडेतीन तासांचे अंतर आहे, आणि ते टप्प्याटप्प्याने वाटेतच जिरवायचे असते. आमच्या जहाजावर हे काम रात्री होई, त्यामुळे कोणाच्या तरी वाट्याला बारा ते चारचा वॉच पाच तासांचा येत असे. तो ज्याला येई तो दुसऱ्या दिवशी जेवणापर्यंत कोणाशी बोलत नसे. परतीच्या वाटेवर घड्याळे पुढे जात, वॉच तीनच तासांचा होई, आणि जाताना ज्याने पाच तास काढले त्यालाच तो मिळावा असे सगळ्यांना न्यायाने वाटे. पण डॉग वॉचने मधल्या दिवसांत पाळ्या इतक्या फिरवलेल्या असत की तो बहुधा भलत्याच कोणाला मिळे, आणि तो माणूस त्या तीन तासांविषयी चकार शब्द काढत नसे.